डॉक्टरांची नोंदणी कशी तपासावी आणि तक्रार कोणत्या दारी न्यावी

पनवेल-रोहा लोहमार्गावर आपट्याच्या पुढे आणि हमरापूरच्या अलीकडे जिते स्थानक लागते. मुंबई-गोवा महामार्ग जवळून जातो, पेण हाकेच्या अंतरावर आहे, पनवेलही फार लांब नाही. त्यामुळे जिते, हमरापूर, जोहे, खारपाडा या पट्ट्यातल्या माणसाला दुखणे आले की पर्याय पुष्कळ असतात. नाक्यावरचा दवाखाना असतो, पेणचे उपजिल्हा रुग्णालय असते, महामार्गालगतची खासगी रुग्णालये असतात. डोंगराकडच्या ठाकूर-कातकरी वाड्यांत तर मोटारसायकलवर पिशवी अडकवून 'सुई द्यायला' येणारा माणूसही असतो. या प्रत्येकाला आपण 'डाक्टर' म्हणतो. कायदा मात्र तसे म्हणत नाही. कायद्याच्या लेखी डॉक्टर, परिचारिका किंवा औषधविक्रेता तोच, ज्याचे नाव त्या त्या राज्य परिषदेच्या नोंदवहीत आहे.

ही नोंदवही सर्वांना पाहता येते. ती कुठे असते, कशी पाहायची आणि तिच्या बळावर काय मागता येते, हे माहीत असले तर पुष्कळ फसवणूक टळते. पुढची माहिती जिते-पेण परिसरातल्या वाचकाला समोर ठेवून दिली असली, तरी ती महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावाला लागू आहे.

परिषदेचे काम नेमके काय

मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा १९१२ साली झाला. आज चालू आहे तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा १९६५ चा कायदा. या परिषदेचे कार्यालय मुंबईत आहे. परिषद रुग्णालय चालवत नाही, औषधांचे भाव ठरवत नाही, नुकसानभरपाईही देत नाही. पदवी खरी आहे का ते पाहून नाव नोंदवणे, वेळोवेळी त्या नोंदणीचे नूतनीकरण करणे, डॉक्टरने व्यवसायाची नीती मोडली तर चौकशी करणे आणि दोष सिद्ध झाला तर ताकीद देणे किंवा नोंदवहीतून नाव काढणे, एवढे तिचे काम. नाव काही काळापुरते काढता येते, कायमचेही काढता येते. नाव निघाले की त्या काळात डॉक्टरला व्यवसाय करता येत नाही.

परिषदेची सगळी ताकद नाव घालण्यात आणि नाव काढण्यात आहे, हे आधी लक्षात घ्यावे. 'माझे पैसे परत मिळवून द्या' अशी मागणी घेऊन परिषदेकडे गेलात तर निराश व्हाल. 'या डॉक्टरने व्यवसायाचे नियम मोडले, चौकशी करा' अशी मागणी मात्र तिथेच करायची असते. ती मागणी पुढे नेण्याचा अधिकार परिषदेइतका थेट दुसऱ्या कोणाकडे नाही.

नूतनीकरणाचा मुद्दाही आपल्या कामाचा आहे. महाराष्ट्रात ॲलोपॅथीच्या डॉक्टरला दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते आणि त्यासाठी या काळात निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० गुण मिळवावे लागतात. म्हणजे एकदा पदवी घेऊन भिंतीवर लावली की जन्मभराची सोय झाली, असे नाही.

कोणाचे नाव कोणत्या परिषदेत

लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. एमबीबीएस आणि बीएएमएस यांची परिषद एक नाही, आणि एका परिषदेची तक्रार दुसरीकडे गेली की महिनोन्महिने कागद फिरत राहतात. म्हणून हा तक्ता कापून ठेवावा.

• एमबीबीएस, एमडी, एमएस अशा ॲलोपॅथी पदव्या: महाराष्ट्र वैद्यक परिषद, म्हणजे बोलीभाषेत 'एमएमसी'. देशपातळीवर तिच्यावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आहे.

• आयुर्वेद (बीएएमएस) आणि युनानी (बीयूएमएस): महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन. ही १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायद्याखाली चालते.

• होमिओपॅथी (बीएचएमएस): महाराष्ट्र होमिओपॅथी परिषद.

• दातांचे डॉक्टर (बीडीएस, एमडीएस): महाराष्ट्र राज्य दंत परिषद. मूळ कायदा १९४८ चा.

• परिचारिका, प्रसाविका, एएनएम: महाराष्ट्र परिचर्या परिषद, १९६६ च्या कायद्याखाली.

• औषधाच्या दुकानातले फार्मासिस्ट: महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल, १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली.

• फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट: महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषद, २००२ च्या कायद्याने.

• प्रयोगशाळा, क्ष-किरण आणि तत्सम विभागांतले तंत्रज्ञ: महाराष्ट्र परावैद्यक परिषद, २०११ च्या कायद्याने. केंद्रानेही अशा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आहे.

• कर्णबधिरांसाठी काम करणारे वाचा-श्रवणतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ: यांची नोंद केंद्राच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तिचा कायदा १९९२ चा.

या तक्त्यात जे नाही, तेही तेवढेच महत्त्वाचे. 'इलेक्ट्रोपॅथी', 'पर्यायी वैद्यक', 'ॲक्युप्रेशर तज्ज्ञ', पत्रव्यवहाराने मिळवलेली 'आरएमपी' अशी अक्षरे ज्यांच्या पाटीवर आहेत, त्यांना नोंदणी क्रमांक कोणत्या परिषदेचा हे विचारा. इलेक्ट्रोपॅथीची नोंदवही ठेवणारी शासकीय परिषद महाराष्ट्रात नाही. एखाद्या खासगी संस्थेने छापून दिलेले प्रमाणपत्र कितीही रंगीत असले, तरी ते नोंदणी ठरत नाही.

पाटी आणि चिठ्ठी कशी वाचावी

डॉक्टरांच्या व्यवसायनीतीचे २००२ चे विनियम सांगतात की डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा आणि चिठ्ठी, दाखला व पैशाच्या पावतीवरही छापावा. क्रमांक मागणे हा अविश्वास नाही, उद्धटपणाही नाही. नियमानेच तो आपल्यासमोर असायला हवा.

पडताळणी अशी करावी:

१. चिठ्ठीवरचे पूर्ण नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक नीट उतरवून घ्या. ॲलोपॅथीच्या अलीकडच्या नोंदणी क्रमांकात आधी वर्ष, मग महिना आणि मग अनुक्रमांक असतो. जुन्या डॉक्टरांचे क्रमांक साधे असतात. आयुर्वेदाच्या परिषदेचे क्रमांक बहुधा 'आय' या इंग्रजी अक्षराने सुरू होतात.

२. संबंधित परिषदेच्या अधिकृत संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून शोधा. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरही देशभराची नोंदवही आहे.

३. क्रमांक सापडला म्हणून थांबू नका. नाव तेच आहे का, पदवी तीच आहे का, नोंदणीची मुदत चालू आहे का, हे जुळवा. दुसऱ्या डॉक्टरचा, कधी निवृत्त किंवा निधन झालेल्या डॉक्टरचा क्रमांक आपल्या नावापुढे छापणे ही तोतयांची जुनी युक्ती आहे.

४. क्रमांक दुसऱ्या राज्याचा असेल तर राष्ट्रीय नोंदवहीत तो तपासा आणि महाराष्ट्रात नोंदणी झाली आहे का, हे विचारा.

५. दवाखान्यात क्यूआर कोड लावला असेल तर मोबाइलने तो टिपा. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने २०२५ मध्ये 'नो युअर डॉक्टर' या नावाने ही सोय आणली. कोड टिपला की डॉक्टरचे नाव, पात्रता आणि नोंदणीची स्थिती दिसते. उघडणारे पान परिषदेचेच आहे ना, तेवढे पाहावे.

स्मार्टफोन नसलेल्या घरांत हे काम आशाताई, ग्रामपंचायतीतला संगणकचालक किंवा घरातली कॉलेजात जाणारी पोर पाच मिनिटांत करू शकते. वाडीवर नवा माणूस सुया द्यायला येऊ लागला की त्याचे नाव आणि क्रमांक मागून तपासायचा, एवढी सवय बचत गटाच्या बायकांनी लावून घेतली तरी पुष्कळ साधेल.

औषधाच्या दुकानात आणि प्रयोगशाळेतही हीच नजर ठेवावी. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध देणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे किंवा त्याच्या देखरेखीखालचे काम आहे. दुकानात परवाना आणि फार्मासिस्टचे नाव दिसायला हवे, आणि बिल मागून घ्यायला हवे. रक्त-लघवीच्या तपासणीच्या अहवालावर सही कोणाची आहे, तेही पाहा. पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही अहवालावर असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले आहे. तंत्रज्ञ नमुना घेऊ शकतो आणि तपासणी करू शकतो, पण केवळ त्याच्या सहीचा अहवाल पुरेसा नाही.

नोंद आहे, पण कशाची?

नोंदणी म्हणजे सरसकट परवाना नव्हे. ज्या शास्त्राची पदवी, त्या शास्त्राची नोंद. पूनम वर्मा प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे रोखठोक सांगितले. मुंबईतल्या एका होमिओपॅथने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली होती आणि तो रुग्ण दगावला. ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्यात उपचार करणे हाच निष्काळजीपणा, असे न्यायालयाने ठरवले आणि रुग्णाच्या पत्नीला ३ लाख रुपये भरपाई देवविली.

त्यानंतरच्या काळात महाराष्ट्रात चित्र थोडे गुंतागुंतीचे झाले आहे. १९६१ च्या कायद्याखालच्या अधिसूचनांनी आयुर्वेदाच्या पदवीधरांना त्यांच्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली. होमिओपॅथांसाठी २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून आधुनिक औषधशास्त्राच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाची वाट काढली गेली. त्यावरून ॲलोपॅथीच्या डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध आणि न्यायालयीन लढाई चालू राहिली. २०२५ मध्ये या होमिओपॅथांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेत करण्यावरून डॉक्टरांनी संपही केला.

या वादात कोण बरोबर, हे ठरवण्याचे काम रुग्णाचे नाही. त्याने दोन प्रश्न विचारावेत. 'तुमची पदवी कोणत्या शास्त्राची?' आणि 'हे औषध किंवा ही शस्त्रक्रिया तुमच्या नोंदणीत बसते का?' बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टर ग्रामीण भागात प्रामाणिकपणे सेवा देत आहेत आणि गावाला त्यांचा आधार आहे. पण पाटीवर नुसते 'डॉ.' लिहून पदवी लपवणारा माणूस कोणत्याही शास्त्राचा असो, त्याच्यापासून सावध राहणेच बरे.

नोंदच सापडली नाही तर

अशा माणसाविरुद्ध परिषदेकडे धावून फारसा उपयोग नाही, कारण ज्याचे नाव नोंदवहीतच नाही त्याचे नाव परिषद काढणार कुठून? हा विषय आरोग्य खात्याचा आणि पोलिसांचा. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बोगस डॉक्टर शोध समिती असते आणि तालुक्याच्या पातळीवरही तशी समिती असते. जिते परिसरातल्या माणसाने पेणच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा, त्याची प्रत अलिबागला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवावी आणि आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यावा.

अर्जात आरोप कमी आणि तपशील जास्त असावा. माणूस कुठे बसतो, कोणत्या दिवशी येतो, पाटीवर काय लिहिले आहे, सुई किंवा सलाईन देतो का, पावती देतो का, दिलेल्या गोळ्यांची पाकिटे तुमच्याकडे आहेत का, हे लिहा. पाटीचा फोटो जोडा. तपासणीला येणाऱ्या पथकाला यावरूनच दिशा मिळते.

शिक्षा साधी नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय ॲलोपॅथीचा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. राज्याच्या १९६१ च्या कायद्यातही कैदेची तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही नोंदणी असलेला आणि नसलेला यांतला फरक दिसतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास सर्वसाधारणपणे पाच वर्षांपर्यंत कैद आहे. उपचार करताना असे नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून घडले तर ती दोन वर्षांपर्यंत आहे. तोतयाला या सवलतीचा आधार मिळत नाही.

एक काळजी मात्र घ्यावी. साप चावला, विंचू चावला, बाळंतिणीला रक्तस्राव होत असेल, तर नोंदणी तपासत बसू नये. १०८ ला फोन करून रुग्णाला सरळ सरकारी रुग्णालयात न्यावे. कागदपत्रे नंतर पाहता येतात. साधा आरोग्य सल्ला हवा असेल तर १०४ क्रमांक आहे.

नोंदणीकृत डॉक्टरविरुद्ध तक्रार

आधी कोणती तक्रार परिषदेची आहे, ते पाहू. रुग्णाच्या संमतीशिवाय केलेली शस्त्रक्रिया, खोटा वैद्यकीय दाखला, रुग्णाची गुप्त माहिती फोडणे, रुग्णाशी गैरवर्तन, उपचारातला गंभीर हलगर्जीपणा, कागदपत्रे न देणे आणि रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेणे-देणे हे सारे व्यवसायनीतीच्या भंगात येते. सरकारी नोकरीतला डॉक्टरही याला अपवाद नाही, कारण त्याचे नावही त्याच नोंदवहीत आहे. उपचाराला अपेक्षित गुण आला नाही, एवढ्यावर मात्र गैरवर्तन सिद्ध होत नाही. योग्य काळजी घेऊनही काही रुग्ण बरे होत नाहीत.

कमिशनचा विषय निघाला की रायगडमधल्याच एका डॉक्टरची आठवण होते. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशावर संशोधन करून जगभर नाव मिळवलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांना, एका रुग्णाला तपासणीसाठी पाठवल्याबद्दल निदान केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला. २०१३ मध्ये त्यांनी त्याबद्दल थेट महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. 'कट प्रॅक्टिस' हा शब्द त्यानंतर राज्यभर चर्चेत आला. २०१७ मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदाही तयार झाला, पण त्याचा कायदा झाला नाही. २००२ च्या विनियमांतली बंदी मात्र आजही आहे आणि तिचा आधार घेऊन कोणीही तक्रार करू शकतो.

तक्रार करताना हा क्रम ठेवावा:

पहिले, कागद गोळा करा. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यावर ७२ तासांच्या आत वैद्यकीय कागदपत्रे द्यावीत, असा नियम आहे. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. आंतररुग्णाची कागदपत्रे डॉक्टरने उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवायची असतात, म्हणून 'बघू पुढे' म्हणत थांबू नका. केसपेपर, तपासणी अहवाल, क्ष-किरण चित्रे, बिले, औषधाच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड, सगळे तारखेप्रमाणे लावा.

दुसरे, घटनाक्रम लिहा. दोन-तीन पानांत, तारीख आणि वेळ देऊन, कोणी काय सांगितले आणि काय केले एवढेच. शिव्याशाप, तर्क, दुसऱ्या डॉक्टरांची ऐकीव मते यात घालू नका. 'अमुक दिवशी रात्री नऊ वाजता ताप वाढल्याचे परिचारिकेला सांगितले, सकाळी आठपर्यंत डॉक्टर आले नाहीत' हे एक वाक्य 'डॉक्टरने जीव घेतला' अशा दहा वाक्यांपेक्षा जड असते.

तिसरे, आरोप नेमका करा. डॉक्टरचे नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा. रुग्णालयाविरुद्ध नव्हे, डॉक्टरविरुद्ध तक्रार करा. परिषदेच्या नोंदवहीत माणसे असतात, इमारती नसतात.

चौथे, परिषदेच्या संकेतस्थळावरून तक्रारीचा चालू नमुना, लागणाऱ्या प्रती आणि शपथपत्राची अट पाहून घ्या. अर्ज मुंबईच्या कार्यालयाला नोंदणीकृत टपालाने पाठवता येतो. त्यासाठी जित्याहून मुंबई गाठायची गरज नाही. सुनावणीला बोलावले तर मात्र जावे लागते. मूळ कागद स्वतःजवळ ठेवा आणि प्रतीच पाठवा.

पाचवे, पाठपुरावा करा. परिषद डॉक्टरकडून खुलासा मागवते, मग दोन्ही बाजूंची सुनावणी होते. विनियमांनुसार निर्णय सहा महिन्यांत व्हायला हवा, पण प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो. काहीच उत्तर येत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांच्या शुल्कात, आपल्या तक्रारीवर काय कार्यवाही झाली ते विचारता येते आणि त्याचे उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे.

निर्णय डॉक्टरविरुद्ध गेला तर त्याला ६० दिवसांत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाकडे अपील करता येते. कायद्यात अपिलाचा स्पष्ट हक्क डॉक्टरलाच दिलेला आहे. रुग्णाच्या अपिलाबाबत वाद चालू आहे. परिषदेत डॉक्टरच डॉक्टरांचा न्याय करतात, हा आक्षेपही जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. म्हणूनच पहिलीच तक्रार पक्की करण्यावर जोर द्यावा.

परिचारिका, दंतवैद्य, फार्मासिस्ट, होमिओपॅथ यांच्याविरुद्धची तक्रारही याच पद्धतीने त्यांच्या त्यांच्या परिषदेकडे जाते. दार बदलते, तयारी तीच राहते.

परिषदेबाहेरची दारे

भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले. पूर्णपणे मोफत मिळालेली सेवा त्यात येत नाही. रायगडचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. तुम्ही भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. परिषदेचा निकाल येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. दोन्ही तक्रारी एकाच वेळी चालू शकतात.

खाटा असलेल्या खासगी रुग्णालयाबद्दल तक्रार असेल, म्हणजे नोंदणी, दर, सोयी, बिल, तर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागतो. २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरांची माहिती दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. ती दिसत नसेल तर अलिबागला जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयात लेखी कळवा.

औषधाचा दर्जा, मुदत संपलेली औषधे, बिल न देणारे दुकान, चिठ्ठीशिवाय धोकादायक गोळ्यांची विक्री, हे अन्न व औषध प्रशासनाचे काम. त्यांचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५ आहे.

मृत्यू किंवा गंभीर इजा झाली आणि गुन्हा घडल्याचा संशय असेल तर पोलीस. पण २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर पोलिसांना आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचे निष्पक्ष मत घ्यावे लागते. त्यामुळे डॉक्टरवर लगेच गुन्हा दाखल झाला नाही म्हणून पोलीस विकले गेले, असा निष्कर्ष काढू नये. मृत्यूचे कारण संशयास्पद वाटत असेल तर शवविच्छेदनाची मागणी त्याच वेळी करा. अंत्यविधीनंतर हा पुरावा परत मिळत नाही.

रुग्णालयात तोडफोड किंवा डॉक्टरला मारहाण करू नका. २०१० च्या कायद्याने हा अजामीनपात्र गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्यांची तक्रार खरी असते तेच आरोपी होतात आणि मूळ चौकशी बाजूला पडते.

मुलामुलींच्या प्रवेशाआधी

परिषदांचा संबंध फक्त आजारी पडल्यावर येतो असे नाही. पेण-पनवेल पट्ट्यात बारावीनंतर नर्सिंग, डी. फार्म, प्रयोगशाळा तंत्रज्ञ या वाटा पुष्कळ मुली धरतात. नोकरी लवकर लागते म्हणून आईबाप कर्ज काढून फी भरतात. दोन वर्षांनी कळते की संस्थेला मान्यताच नव्हती आणि परिषद नोंदणी देत नाही. मग हातात प्रमाणपत्र असूनही रुग्णालयात किंवा दुकानात कायदेशीर काम मिळत नाही.

म्हणून फी भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: 'हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर कोणत्या परिषदेत नोंदणी होते?' नर्सिंगसाठी भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद यांच्या मान्य संस्थांच्या यादीत नाव पाहा. एएनएम आणि जीएनएमच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. डी. फार्मसाठी भारतीय फार्मसी परिषदेच्या यादीत संस्था आहे का ते पाहा, आणि नोंदणीआधीच्या एक्झिट परीक्षेचा २०२२ चा नियमही लक्षात ठेवा. प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या सहा महिन्यांच्या खासगी पदविकांची जाहिरात दिसली तर परावैद्यक परिषदेकडे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे, हेही पाहावे. जुने मान्यतापत्र फ्रेम करून लावणाऱ्या संस्था कमी नाहीत.

आणि ज्यांच्या घरात नोंदणीकृत परिचारिका किंवा फार्मासिस्ट आहे, त्यांनी नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख पाहून ठेवावी. आपला क्रमांक कोणत्याही दुकानाला 'वापरायला' भाड्याने देऊ नये. काही हजार रुपयांच्या मोहात मिळवलेली नोंदणी हातची जाते, आणि चुकीच्या औषधाने कोणाचे बरेवाईट झाले तर जबाबदारी ज्याच्या नावाचा परवाना त्याच्यावर येते.

आजच करण्यासारख्या गोष्टी

घरात कोणी आजारी नसताना हे काम करणे सोपे जाते. ज्या डॉक्टरकडे नेहमी जाता त्यांचा नोंदणी क्रमांक एकदा तपासून घ्या. सगळ्या चिठ्ठ्या आणि अहवाल एका पिशवीत तारखेने लावा. औषधाचे बिल मागण्याची सवय ठेवा. ग्रामसभेत एक ठराव मांडा की गावात व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक वैद्यकीय व्यावसायिकाचे नाव, पदवी, परिषद आणि क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा आणि दर वर्षी तो तपासून नवा करावा. चांगल्या डॉक्टरांना याची अडचण होणार नाही, उलट त्यांचा मान वाढेल. ज्याला अडचण होईल, त्याच्याविषयीचा अर्ज पेणला तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे नेऊन द्या.